४० मायक्रॉनवरची कारागिरी

रात्री सोसायटीच्या पार्किंगमध्ये जा आणि दोन-तीन वर्षं वापरलेल्या एखाद्या काळ्या गाडीच्या बॉनेटवर मोबाइलची टॉर्च धरा. प्रकाशाच्या ठिपक्याभोवती बारीक, चंदेरी वर्तुळं दिसतील. एकात एक अशी शेकडो. कुणालाही वाटेल की गाडी पुसणाऱ्याने फडकं गोल गोल फिरवलंय. आता टॉर्च हळूच वीतभर डावीकडे सरकवा. वर्तुळंही डावीकडे सरकतील. उजवीकडे न्या, ती मागोमाग येतील. रंगावर कोरलेली वर्तुळं अशी चालत नाहीत. मग ही आली कुठून?

खरं तर बॉनेटवर वर्तुळं नाहीतच. तिथे आहेत हजारो सरळ-तिरपे, अतिशय बारीक ओरखडे, आणि ते वाट्टेल त्या दिशेने गेलेत. प्रत्येक ओरखडा म्हणजे एक चिमुकली चरी. तिच्या कडांवरून प्रकाश उडतो तो चरीच्या आडव्या दिशेने. त्यामुळे ज्या ओरखड्यांची दिशा ठिपक्याभोवतीच्या वर्तुळाशी जुळते, त्यांचाच प्रकाश आपल्या डोळ्यात येतो. बाकीच्यांचा भलतीकडे निघून जातो. टॉर्च हलली की जुने ओरखडे विझतात आणि नवे पेटतात, आणि वर्तुळ सरकल्याचा भास होतो. घरातलं जुनं स्टीलचं ताट दिव्याखाली धरलं तरी हाच खेळ बघायला मिळतो.

हे ओरखडे काढणं हा ज्या धंद्याचा गाभा आहे, त्याला डिटेलिंग म्हणतात. गाडी धुऊन, टायरला काळं पॉलिश लावून, आत सुगंधी फवारा मारून देणं वेगळं आणि हे वेगळं. डिटेलर गाडीच्या पृष्ठभागावर काम करतो. हा पृष्ठभाग किती पातळ आहे ते कळलं की या कामाकडे बघायची नजरच बदलते.

गाडीचा रंग म्हणजे एकावर एक चढवलेले निदान चार थर. चाकणच्या किंवा पिंपरीच्या कारखान्यात पत्र्याचा सांगाडा जोडून झाला, की तो धुऊन, रासायनिक प्रक्रिया करून एका मोठ्या हौदात बुडवतात. हौदातल्या रंगाच्या कणांवर एक विद्युतभार असतो आणि सांगाड्यावर त्याच्या विरुद्ध. कण आपणहून पत्र्याकडे ओढले जातात आणि जिथे फवारा कधीच पोचणार नाही अशा दाराच्या पोकळीत, कोपऱ्या-कपारीत जाऊन बसतात. हा गंजरोधक थर साधारण २० मायक्रॉनचा. त्यावर प्रायमर, ३० ते ४० मायक्रॉन. त्यावर ज्याला आपण ‘गाडीचा कलर’ म्हणतो तो बेस कोट, जेमतेम १५ ते २०. आणि सगळ्यात वर क्लिअर कोट, पारदर्शक, साधारण ४० मायक्रॉनचा. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस सरासरी ७० मायक्रॉन जाड असतो. म्हणजे डिटेलरला खेळायला जी जागा आहे, ती एका केसाच्या जाडीहूनही कमी.

यातली गंमत अशी की बेस कोट स्वतः चमकत नाही. क्लिअर कोट चढायच्या आधी तो पाहिला तर खडूसारखा निस्तेज दिसतो. लाल गाडीची झळाळी लाल रंगात नसते, ती वरच्या बिनरंगी थरात असते. सपाट पृष्ठभागावरून प्रकाश शिस्तीत परत आला की डोळा त्याला ‘चमक’ म्हणतो. पृष्ठभाग ओरखड्यांनी खडबडीत झाला की तोच प्रकाश इकडेतिकडे विखुरतो आणि गाडी ‘फिकी पडली’ असं आपण म्हणतो. रंग बहुतेक वेळा जिथल्या तिथेच असतो.

काळ्या गाडीवरच ओरखडे जास्त का दिसतात याचं उत्तरही यातच आहे. समोरून पाहताना क्लिअर कोट त्याच्यावर पडलेल्या प्रकाशातला जेमतेम ४ टक्के परत पाठवतो, जवळजवळ काचेइतकाच. पांढऱ्या गाडीत खालचा बेस कोटच इतका प्रकाश परत पाठवतो की त्यात ओरखड्याची चकाकी बुडून जाते. काळ्या गाडीत खाली अंधार असतो आणि त्या अंधारावर प्रत्येक ओरखडा उठून दिसतो. ओरखडे दोघींवर सारखेच असतात.

हा पारदर्शक थर नेहमीच नव्हता. हेन्री फोर्डची मॉडेल टी १९१४ ते १९२५ या काळात फक्त काळ्या रंगात मिळायची, कारण काळं रोगण भराभर वाळायचं आणि कारखान्याला तोच वेग हवा होता. पुढे ड्यू पाँट कंपनीचा ‘ड्युको’ हा नायट्रोसेल्युलोजचा रंग आला. १९२४ च्या ओकलँड गाडीवर तो निळ्या छटेत चढला आणि काळ्याशिवाय इतरही भराभर वाळणाऱ्या रंगांचा जमाना सुरू झाला. बेस कोटवर क्लिअर कोट ही जोडी सर्वत्र रुळली ती १९८० च्या दशकात. त्याआधीच्या गाडीला रबिंग मारलं की फडक्याला गाडीचा रंग लागायचा, आणि जुने पेंटर त्या फडक्याकडे बघून किती घासलं गेलं याचा अंदाज घ्यायचे. क्लिअर कोट आला आणि ही खूण गेली. आता जे झिजतं ते पारदर्शक असतं. किती गेलं ते दिसत नाही, किती उरलं तेही दिसत नाही. म्हणून ही विद्या आता नुसत्या नजरेने येत नाही.

ती कशी शिकवतात हे भोसरी एमआयडीसीतल्या एका गाळ्यात बघायला मिळालं. फळा नाही, खुर्च्या नाहीत. लाकडी घोड्यांवर भंगारातून आणलेली बॉनेटं मांडलेली, वर एलईडीच्या पट्ट्या, कोपऱ्यात पाण्याचा पंप. शिकायला आलेली पाच-सहा मुलं. कुणी वॉशिंग सेंटरवर काम केलेलं, कुणी आयटीआय करून आलेलं, तर कुणाच्या वडिलांचं गावाकडे गॅरेज. सगळ्यांचे डोळे पॉलिशिंगच्या मशीनवर.

“सर, मशीन कधी?” एकाने विचारलंच.

“आधी बादली,” सर म्हणाले. “धुताना जेवढे ओरखडे पाडशील तेवढे मशीनने काढत बसावे लागतील. मग कशाला पाडायचे?”

पहिला सगळा वेळ धुण्यात गेला. धुळीत वाळूचे कण असतात. वाळू म्हणजे क्वार्ट्झ आणि ते क्लिअर कोटपेक्षा कितीतरी कठीण. कोरड्या गाडीवर फडकं फिरवलं की हे कण रंगावरून ओढले जातात. म्हणून आधी पाण्याचा मारा, मग फेस, फेसाला धूळ सैल करायला काही मिनिटं, पुन्हा पाणी, आणि त्यानंतरच गाडीला हात. एका बादलीत शॅम्पू, दुसरीत साधं पाणी. दोन्हींच्या तळाशी जाळी. हातमोजा साध्या पाण्याच्या जाळीवर घासून आधी घाण सोडायची, मग शॅम्पूत बुडवायचा. वरून खाली यायचं, कारण सगळ्यात जास्त माती खालच्या भागाला चिकटलेली असते. आणि हात नेहमी सरळ रेषेत चालवायचा. याचं कारण टॉर्चच्या त्या खेळात आहे: एकाच दिशेचे सरळ ओरखडे ठरावीक कोनातूनच दिसतात. हात गोल फिरवला की ओरखडे सगळ्या दिशांना पडतात आणि कुठूनही बघा, काही ना काही चमकतंच.

पुसायच्या फडक्याचा तर स्वतंत्र धडा होता. मायक्रोफायबरचा धागा एक डेनियरहून बारीक असतो, म्हणजे नऊ हजार मीटर लांबीच्या तंतूचं वजन एक ग्रॅमसुद्धा भरत नाही. असे अतिसूक्ष्म तंतू बनवायची वाट १९७० च्या सुमारास जपानच्या तोरे कंपनीत मियोशी ओकामोटो यांनी दाखवली. त्यांचा पहिला गाजलेला वापर कृत्रिम मखमली चामड्यासाठी झाला. पुसायच्या फडक्यात पॉलिएस्टर आणि पॉलिअमाइड असे दोन प्रकारचे तंतू एकत्र काढून नंतर चिरतात. त्या चिरांच्या फटींत पाणी आणि धूळ शिरून बसते. पण सगळी फडकी सारखी नसतात. सरांनी खिशातून एक जुनी सीडी काढली, तिच्या चकचकीत बाजूवर एका स्वस्त फडक्याने चार हात मारले आणि ती दिव्याखाली धरली. धारदार रेघा स्पष्ट दिसत होत्या. मग दुसरी सीडी आणि दुसरं फडकं. काही नाही. “हे फडकं खाली पडलं तर काय करायचं?” त्यांनी विचारलं. “झटकायचं,” एक जण म्हणाला. “टायर पुसायला ठेवायचं,” सर म्हणाले. “रंगाला ते परत लागता कामा नये.”

गाडी धुऊन वाळल्यावर सरांनी प्रत्येकाच्या हातात पातळ प्लास्टिकची पिशवी दिली. ती हातात घालायची आणि बोटांची टोकं बॉनेटवरून अलगद फिरवायची. उघड्या हाताला जी गाडी गुळगुळीत लागत होती, तीच आता खरखरीत लागायला लागली. पातळ प्लास्टिक कातडीचं घर्षण काढून टाकतं आणि उरतात ते फक्त उंचवटे. हे उंचवटे धुऊन जात नाहीत. यात ब्रेकमधून उडालेली लोखंडाची पूड असते, रेल्वेमार्गाजवळ गाडी उभी राहत असेल तर रुळांची, बांधकामाजवळचं सिमेंट, झाडाचा चीक, शेजारच्या गाडीच्या पेंटचा उडालेला फवारा. लोखंडाचे कण तर रंगात रुतून बसतात आणि तिथेच गंजतात.

त्यांच्यासाठी एक बिनरंगी द्रव फवारतात. मिनिटभरात पांढऱ्या गाडीवर जांभळ्या रेघा ओघळायला लागल्या आणि मुलं पुढे सरकली. गाडीला जणू काही लागलं असावं असं ते दृश्य. द्रवात थायोग्लायकोलेट जातीचं रसायन असतं. लोखंडाशी त्याचा संयोग झाला की जांभळा रंग येतो आणि कण विरघळून सुटतो. वास मात्र सडक्या अंड्यासारखा. ब्युटी पार्लरमध्ये काम केलेल्या कुणालाही तो ओळखीचा वाटेल, कारण केस कुरळे करायच्या द्रवात आणि केस काढायच्या क्रीममध्येही याच कुळातली रसायनं असतात. तिथे ती केसातल्या गंधकाचे बंध तोडतात, इथे लोखंडाला धरतात.

यानेही जे निघत नाही त्यासाठी क्ले. ही मळलेल्या कणकेइतकी मऊ वडी जपानमध्ये तयार झाली आणि ताडाओ कोडाते यांच्या नावावर तिचं अमेरिकी पेटंट आहे. शॅम्पूच्या पाण्याने रंग ओला करून ती वडी हलक्या हाताने पुढे-मागे सरकवली की बाहेर आलेले कण ती कातरून स्वतःत ओढून घेते. सुरुवातीला घासल्याचा खरखर आवाज येतो, मग तो बारीक होत होत थांबतो. आवाज थांबला की काम झालं. हे कान शिकतात, वाचून कळत नाही.

आणि मग मशीन. ओरखडा काढणं म्हणजे नेमकं काय, हे आधी नीट समजून घ्यायला हवं. खड्डा बुजवायचा नसतो. खड्ड्याच्या तळापर्यंत आजूबाजूची जमीन खाली आणायची असते. म्हणजे प्रत्येक पॉलिशमध्ये क्लिअर कोट थोडा कमी होतोच. घासायच्या लेपाचा, म्हणजे कंपाउंडचा, एक जोरकस हात साधारण एक ते तीन मायक्रॉन घेऊन जातो. ४० मधले तीन गेले तर चालतं. पण हेच दर वर्षी केलं, किंवा जिथे मुळात २० च उरले आहेत तिथे केलं, तर ऊन अडवणारा थर संपतो आणि काही वर्षांत छतावर पांढरट पापुद्रे सुटायला लागतात. अशा छतावर मग पॉलिशचा उपाय चालत नाही, नवा रंगच द्यावा लागतो.

कंपाउंडमध्ये असते ॲल्युमिनियम ऑक्साइडची अतिबारीक पूड. माणिक आणि नीलम ज्या खनिजाचे, तेच हे द्रव्य. म्हणजे ओरखडे काढायला आपण रंगावर रत्नाच्या जातीची पूड घासतो आणि नवे ओरखडेच पाडतो! फरक फक्त आकाराचा. आधी खरबरीत कंपाउंड, मग बारीक पॉलिश, मग त्याहून बारीक. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास असते. ओरखडे त्या मापाच्याही खाली गेले की प्रकाशाला ते अडथळा वाटत नाहीत आणि तो सरळ परततो. आरशासारख्या चमकणाऱ्या बॉनेटवरही ओरखडे असतात. ते प्रकाशाच्या लेखी नसतात, एवढंच.

मशीन दोन जातींची. रोटरी नुसतं एका अक्षाभोवती फिरतं. ते झपाट्याने कापतं आणि चुकीच्या हातात तितक्याच झपाट्याने जाळतं. ड्युअल ॲक्शन मशीन, ज्याला सगळे डीए म्हणतात, स्वतःभोवती फिरता फिरता डोलतंही. त्यामुळे पॅडचा कुठलाही बिंदू एकाच वाटेने पुन्हा पुन्हा जात नाही, उष्णता साठत नाही आणि रोटरीमागे राहतात तसे उन्हात दिसणारे लांबट पट्टे उमटत नाहीत.

सरांनी डीएच्या पॅडमागच्या चकतीच्या कडेला मार्करने एक काळी रेघ मारली आणि मशीन एका मुलाच्या हातात दिलं. पॅडवर वाटाण्याएवढे चार ठिपके कंपाउंड. दीड-दोन फुटांचा चौकोन. आधी आडवे हात, मग उभे, प्रत्येक हात आधीच्या हाताला अर्धा झाकणारा, वेग सेकंदाला साधारण एक इंच. मुलाने बटण दाबलं आणि लवकर परिणाम दिसावा म्हणून मशीनवर भार टाकला. आवाज चढला, मशीन थरथरलं, पण काळी रेघ जागच्या जागी थांबली. पॅड फिरतच नव्हतं, नुसतं डोलत होतं.

“रेघ बघ,” सर म्हणाले. “दाबलंस की ते काम करायचं थांबतं. हात ढिला सोड.”

मुलाने भार कमी केला. रेघ हळूहळू फिरायला लागली, मग तिचा धूसर पट्टा झाला. बॉनेटवर कंपाउंड पांढरं होतं, ते पारदर्शक होत गेलं. मुलाच्या खांद्यातला ताण उतरलेला दिसला. ‘जोर लावू नकोस’ हे वाक्य व्हिडिओत शंभर वेळा ऐकता येतं. पण किती नाही म्हणजे किती, हे मनगटाला कळायला मशीन हातातच असावं लागतं. बॉनेटच्या सपाट भागावर एक वजन, दाराच्या उभ्या बाजूवर दुसरं, बंपरच्या वळणावर तिसरं.

मग सरांनी भंगारातलं एक बॉनेट पुढे घेतलं, रोटरी हातात दिलं आणि सांगितलं: “आता ही कड जाळ.” मुलं चपापली. कडेवर आणि उठावाच्या रेषेवर रंग मुळातच पातळ बसतो आणि तिथे पॅडचा सगळा भार एका रेघेवर येतो. काही सेकंदांत धूर नाही, आवाज नाही, फक्त काळ्या रंगातून प्रायमरचा करडा पट्टा वर आला. चार थरांतले दोन संपले होते. नंतर प्रत्येक गाडीच्या कडांवर मास्किंग टेप लावताना कुणी आळस केला नाही.

जाडी दिसत नसली तरी मोजता येते. मुठीत मावणारं पेंट गेज लोखंडी पत्र्यावर चुंबकीय प्रवर्तनाने आणि ॲल्युमिनियमवर भोवरी विद्युतप्रवाहाने पत्र्यापासूनचं अंतर मोजतं. एका सेडानवर मुलांनी आकडे घेतले. छत ११२, बॉनेट ११८, डिकी ११५, आणि डावीकडचं मागचं दार ३१०. मालक म्हणाला होता, गाडीला कधी काही झालेलं नाही. दारावर लांबी भरून नवा रंग मारलेला होता. कदाचित त्याच्या आधीच्या मालकाच्या काळात. जाड आहे म्हणजे घासायला मोकळीक, असंही नाही. कारखान्यात क्लिअर कोट १४० अंशांच्या आसपास भट्टीत पक्का होतो, पण गॅरेजमध्ये तयार गाडीतलं प्लास्टिक आणि वायरिंग ती उष्णता सोसणार नाही, म्हणून तिथे ६० ते ८० अंशांवर काम भागवतात. रंग वेगळा, कठीणपणा वेगळा. शिवाय गेज चारही थरांची बेरीज सांगतं, त्यात क्लिअर कोट किती ते सांगत नाही. आणि प्लास्टिकच्या बंपरवर हे साधं गेज मुकंच. यंत्र जिथे थांबतं तिथून पुढे अंदाज, आणि अंदाज म्हणजे आधी हाताखालून गेलेल्या गाड्यांची आठवण.

म्हणून चांगला डिटेलर आधी एक छोटा चौकोन करून बघतो. सगळ्यात मऊ पॅड, सगळ्यात सौम्य पॉलिश. ओरखडे गेले तर तिथेच थांबायचं. नाही गेले तर एक पायरी वर. चौकोन झाल्यावर त्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल फवारून पुसायचं. पॉलिशमधलं तेल ओरखड्यात भरून बसतं आणि तात्पुरतं सगळं गुळगुळीत दाखवतं. अल्कोहोल ते तेल काढतं आणि काम खरंच झालंय की नुसतं झाकलंय ते उघडं पडतं. दोन धुण्यांत परत येणारे ओरखडे अशाच झाकलेल्या कामाचे असतात.

वाचणं वेगळं आणि हात वेगळा: अमेरिकेतल्या इंटरनॅशनल डिटेलिंग असोसिएशननेही प्रमाणपत्राचे दोन वेगळे टप्पे ठेवलेत. आधी लेखी परीक्षा, आणि मग परीक्षकासमोर प्रत्यक्ष काम. दुसरा टप्पा पार केल्यावर नावापुढे ‘कौशल्य तपासलेलं’ अशी वेगळी नोंद होते. आणि हा हात गाड्यांपुरताच नाही. सिएटलच्या म्युझियम ऑफ फ्लाइटमध्ये १९५९ चं बोइंग ७०७ उभं आहे. आयझेनहॉवर, केनेडी, जॉन्सन, निक्सन यांनी वापरलेलं, अमेरिकेच्या अध्यक्षांसाठीचं पहिलं जेट. वर्षानुवर्षं उघड्यावर राहून त्याचा रंग विटला होता आणि ॲल्युमिनियम काळवंडलं होतं. कॅलिफोर्नियातले प्रशिक्षक रेनी डॉयल यांनी त्यावर काम सुरू केलं आणि पुढे वेगवेगळ्या राज्यांतले डिटेलर उन्हाळ्यात तिथे जमून ते विमान हाताखालून काढू लागले. अध्यक्षांच्या विमानावरही वापरायचं ते तेच: पॅड, पॉलिश, मायक्रोफायबर आणि मनगटाचा अंदाज.

गाडीच्या आतलं कामही डिटेलिंगमध्येच येतं. वाफ, व्हॅक्यूम, एसीच्या जाळीत फिरवायचे ब्रश, सीटच्या शिवणीतली बिस्किटं. ते कष्टाचं आहे, पण तिथे चूक झाली तर बहुधा पुन्हा करता येतं. रसायनांचं मात्र तसं नाही. अलॉय व्हील उजळणारे काही द्रव फ्लोराइडयुक्त आम्लाचे असतात आणि ते कातडीतून आत शिरून हाडापर्यंत इजा करू शकतात. म्हणून डब्यावरचं लेबल वाचणं आणि हातमोजे घालणं हा या वर्गात स्वतंत्र धडा असतो.

शेवटी येतं संरक्षण, आणि इथेच बाजारात सगळ्यात जास्त गोंगाट आहे. जुना मार्ग कार्नोबा मेणाचा. ईशान्य ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवर उन्हापासून बचावासाठी साचणारं हे मेण ८० अंशांच्या पुढे वितळतं. गोळ्या-चॉकलेटांना चकाकी देण्यासाठीही तेच वापरतात. गाडीवर ते काही आठवडे, फार तर काही महिने टिकतं. नवा मार्ग सिरॅमिक कोटिंगचा. यातले सिलिकॉनयुक्त रेणू हवेतल्या ओलाव्याशी अभिक्रिया करून एकमेकांत गुंफले जातात आणि काचेच्या जवळ जाणारी, एक-दोन मायक्रॉनची कठीण साय तयार होते. कोटिंग लावल्यावर त्यावर इंद्रधनुषी झाक यायची वाट बघायची आणि नेमक्या क्षणी पुसायचं. लवकर पुसलं तर निघून जातं, उशीर झाला तर डाग तिथेच पक्का होतो. हा क्षण तापमानावर आणि आर्द्रतेवर ठरतो. जुलैतल्या रत्नागिरीत आणि मे महिन्यातल्या सोलापुरात तो एकच असणार नाही, म्हणून बाटलीवरचा आकडा फक्त सुरुवातीला उपयोगी पडतो.

या कोटिंगच्या जाहिरातीत ‘९एच’ असं ठळक छापलेलं असतं आणि ग्राहकाला हिऱ्याच्या आसपासचं काही आठवतं. तो आकडा पेन्सिलचा आहे. रंगाचा कठीणपणा मोजायच्या चाचणीत वेगवेगळ्या कठीणपणाच्या पेन्सिली ४५ अंशांत, ७५० ग्रॅम भाराने पृष्ठभागावरून ढकलतात. चित्रकलेच्या दुकानात मिळणारी ९एच पेन्सिल ज्यावर ओरखडा पाडू शकली नाही, ते ९एच. वाळू त्या पेन्सिलपेक्षा खूपच कठीण. कोटिंगवर पाण्याचे गोल मणी होतात आणि घसरून जातात, चिखल पटकन सुटतो, आणि हा फायदा खराच आहे. पण बोअरच्या पाण्याचे मणी उन्हात तिथेच वाळले तर त्यातला चुना कोटिंगवरही गोल डाग ठेवतो. दगडाचा मार खरोखर झेलायचा असेल तर पारदर्शक पॉलियुरेथेनची फिल्म लागते. ती पावणेदोनशे मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे गाडीच्या सगळ्या रंगापेक्षा जाड. तिचा पूर्वज व्हिएतनाम युद्धात हेलिकॉप्टरच्या पात्यांवर चिकटवला जायचा.

ज्यांना हे शिकायचंय त्यांनी वर्ग निवडताना एवढंच विचारावं: मशीन माझ्या हातात किती वेळ राहणार, आणि जाळायला भंगारातलं बॉनेट मिळणार का? नुसतं सरांचं काम बघायचं असेल तर ते घरी बसूनही दिसतं. गाडी डिटेलिंगला देणाऱ्यांनी पॉलिशच्या आधी आणि नंतर पेंट गेजचे आकडे मागावेत, आणि अल्कोहोलने पुसून दाखवायला सांगावं. जो खरा कारागीर आहे त्याला या प्रश्नांचा राग येत नाही.

पण या सगळ्या विद्येतला सगळ्यात स्वस्त आणि उपयोगी भाग तिच्या पहिल्या धड्यात आहे, आणि त्याची गरज आपल्या पार्किंगमध्ये आहे. बहुतेक सोसायट्यांत पहाटे एक माणूस एक बादली आणि एक फडकं घेऊन वीस-पंचवीस गाड्या पुसतो. पहिल्या गाडीची वाळू तो पंचविसाव्या गाडीवर नेतो. यात त्याचा दोष नाही. आपण त्याला एकच बादली आणि एकच फडकं दिलंय, आणि पाच मिनिटांत गाडी कोरडी करून मागितलीय. त्याला दोन बादल्या, तळाशी जाळ्या, डझनभर मायक्रोफायबरची फडकी, आणि कुणा चांगल्या डिटेलरच्या हाताखाली अर्धा दिवस शिकायला द्या. त्या अर्ध्या दिवसाची मजुरीही द्या. सगळ्या गाड्यांमागे वाटून पाहिलं तर हा खर्च एका पॉलिशच्या बिलापुढे किरकोळ आहे.